जकात नाक्यापलीकडची गोळी

त्या काळात सांगली शहरात जेवढा म्हणून संशय होता, त्यातला निम्मा आमच्या घरमालकांच्या एकट्याच्या डोक्यात होता आणि उरलेला निम्मा माझ्या. दोघं एकाच छपराखाली राहत होतो, म्हणजे बाकीचं गाव किती निर्धास्त झोपत असेल याचा विचार करा. मी पाटणहून शिकायला आलेलो. शिक्षण कमी, पत्रकं जास्त. महागड्या औषधांविरुद्ध आमच्या सात-आठ पोरांचं एक मंडळ होतं. सायक्लोस्टाईलच्या शाईनं माझी बोटं कायम काळी असायची आणि घरमालक ही जात मुळातच लबाड असते याबद्दल माझं मत पक्कं होतं. हे घरमालक कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे, म्हणून मी त्यांना सर म्हणायचो. ते मला 'पुढारी' म्हणायचे. पहिल्या दिवशी मी आगाऊ भाडं दिलं तर त्यांनी नोट उजेडात धरून पाहिली, मग मला उजेडात उभं करून पाहिलं आणि म्हणाले, "नोट बरी आहे."

त्यांचे वडील पलटणीत होते, आयुष्यभर पहाऱ्यावर. मुलानं बंदूक सोडली पण पहारा सोडला नाही. दार वाजलं की आतून "कोण?" असा आवाज यायचा. उत्तर दिलं की पुन्हा "कोण?" यायचा, कारण पहिल्या वेळी खोटं बोललेला माणूस दुसऱ्या वेळी गडबडतो असा त्यांचा सिद्धांत होता. घरात तीन थर्मामीटर होते. पहिल्यावर विश्वास नाही म्हणून दुसरा आणला, दोघांचं पटेना म्हणून तिसरा. वर्तमानपत्रं दोन घ्यायचे, आणि एकच बातमी दोन्हींत सारखी आली की म्हणायचे, "बघा, दोघांनी ठरवून छापलंय." आणि लांबच्या एका भाच्याच्या लग्नात तर कहर झाला. सांगली म्हणजे हळदीचं गाव, हळदीला नावं ठेवणं म्हणजे इथं गावाची अब्रू काढणं. यांनी नवरदेवाच्या गालावरची हळद कागदावर टिपली, खिशातल्या बाटलीतलं आम्ल तिच्यावर टाकलं, आणि हळद लालगुलाबी झाली. मंगलाष्टका चालू असताना हे गृहस्थ व्याह्यांच्या कानात सांगायला गेले, "पावणं, हळदीत रंग मिसळलाय." हळद नवरीच्या मामांच्या दुकानातून आलेली. त्या जेवणावळीत सरांच्या पानात दुसऱ्यांदा जिलेबी पडली नाही. "मला संशय होताच," ते मला नंतर म्हणाले. हळदीचा की जिलेबीचा, ते मी विचारलं नाही.

आमचं पहिलं भांडण आंघोळीच्या पाण्यावरून झालं. मागच्या पडवीत तांब्याचा बंब होता. त्याचं पाणी कधी कढत मिळायचं नाही आणि कधी गारही नाही. सकाळ, दुपार, संध्याकाळ, एकच कोमट. एकदा झाकण उचलून पाहिलं तर पाण्यात काचेच्या नळ्यांची अख्खी रांग लोंबकळत होती, प्रत्येक नळीला दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी, आणि आत काहीतरी गढूळ, पिवळट. त्या पाण्यानं मी चार महिने तोंड धूत होतो! मी त्याच दुपारी पत्रक काढलं. 'भाडेकरूंच्या हक्काचं गरम पाणी कुणाच्या प्रयोगात मुरतं?' असं ठळक शीर्षक, खाली अकरा मुद्दे. गल्लीत वाटलं, एक त्यांच्या दाराखालून सरकवलं. संध्याकाळी पत्रक परत आलं, तांबड्या शाईत तपासून. "पाणी 'कोमट' नाही. सदतीस अंश. माणसाच्या अंगाएवढं. आकडा द्यायचा तर नीट द्यावा. मुद्दा सात आणि दहा एकच आहेत." खाली दहापैकी साडेचार गुण.

नळ्यांत काय होतं ते मला त्यांच्या बहिणीनं सांगितलं. या अक्का. सरांपेक्षा मोठ्या, विधवा, सातारा भागातल्या सासरहून भावाकडे परत आलेल्या, अंगानं काडी. त्यांना मधुमेह, आणि तोही गोळ्यांनी न ऐकणारा. रोज दोन वेळा काचेची पिचकारी उकळायची आणि इन्शुलिन टोचून घ्यायचं. वर्षानुवर्षं टोचून मांड्यांवर गाठी आलेल्या, कुठं खड्डे पडलेले. "आता सुई खुपसायला जागाच ऱ्हायली न्हाई बघ," अक्का म्हणाल्या, "म्हणून बाळ माझ्यासाठनं गोळी करतोय. तोंडातनं घ्यायची." चाळिशी उलटलेल्या, टकलावर मफलर बांधलेल्या त्या माणसाला बाळ म्हणणारी जगात ही एकच बाई होती. तिचं दंड-मांड्यांचं दुखणं थांबवायचं, या एका कामासाठी तो सगळा बंब, त्या नळ्या आणि तो माणूस दिवसभर तापलेला होता.

पण गोळी का नव्हती? मला वाटलं, कंपन्यांचा डाव. सुई विकली जाते, पिचकारी विकली जाते, गोळी आली तर धंदा बसेल. मी हे तावातावानं सांगितलं तेव्हा सरांनी पहिल्यांदा मला खुर्ची दिली. म्हणाले, "पुढारी, तुमचा संशय चांगला आहे, फक्त चुकीच्या माणसावर आहे. गुन्हेगार जठर आहे." इन्शुलिन म्हणजे प्रथिन, डाळीतल्यासारखंच. पोटात गेलं की पोट त्याची डाळ समजून पचवून टाकतं. "औषध करणारे खूप आहेत. पोचवणारा कोण? जठर म्हणजे जकात नाका समजा. तिथं सगळी पोती फोडतात. माझा माल पोत्यासकट नाक्यापलीकडं गेला पाहिजे, आणि पेठेत, म्हणजे आतड्यात पोचल्यावर पोतं आपणहून सुटलं पाहिजे. मला जठराशी खोटं बोलणारं आणि आतड्याशी खरं बोलणारं पोतं पाहिजे." मग म्हणाले, "आणि आज हे इन्शुलिन आहे. उद्या पेशीतलं आनुवंशिक द्रव्यच औषध म्हणून देतील. ते तर याहून नाजूक. तेव्हाही पोत्याशिवाय अडणार आहे." मी तेव्हा हसलो होतो. डोकं फिरलंय म्हणालो होतो मंडळात.

तर त्यांचा खरा उद्योग म्हणजे पोत्यांची झडती. जे जे म्हणून औषधाभोवती गुंडाळता येईल ते ते आणायचं, बंबात उभं करायचं, दोन तास आम्लात आणि मग दोन तास पित्तात. पित्त बकऱ्याचं, खाटीक गल्लीतल्या रसूलभाईंकडून. रसूलभाई दर शुक्रवारी डबा घेऊन यायचे आणि दारातूनच ओरडायचे, "सर, रसूल! रसूलच! दोनदा सांगितलं, आता उघडा!" बाभळीचा डिंक आला, नापास. जिलेटीन आलं, नाक्यावरच विरघळलं. मेण आलं. ते नाक्यापलीकडं गेलं, पण पेठेतही सुटेना, गेलं तसं बाहेर. "लय इमानदार," सर म्हणाले, "कामाचं न्हाई." दुधातलं केसीन, मक्यातलं प्रथिन, सोयाबीनचं तेल, प्रत्येकाचं वहीत वेगळं पान. पानाच्या वर नाव, खाली जबानी आणि शेवटी एकच शब्द, 'नाही'. एखादं पोतं पहिल्या दिवशी पास झालं की सरांचा चेहरा पडायचा. पास झालेल्यावर त्यांचा जास्त संशय. त्याची झडती पुन्हा पाच वेळा. पुढे त्यांनी कुठल्याशा परदेशी मासिकात वाचलं की अंड्याच्या बलकातल्या स्निग्ध पदार्थाचे सूक्ष्म बुडबुडे करून त्यांत औषध कोंडता येतं. मग रोज दोन डझन अंडी यायला लागली. बलक बंबाकडं आणि पांढरं आमच्याकडं. ते सबंध वर्ष मी पांढरी आम्लेटं खाल्ली. अंडेवाल्यावर संशय होताच, प्रत्येक अंडं पाण्यात बुडवून बघितलं जायचं. तरंगलेलं अंडं ते अंडेवाल्याच्या हातात ठेवायचे आणि नुसतं बघायचे. दोन अंडेवाले बदलले.

बलकाच्या बुडबुड्यांना वरून आणखी एक लेप दिला, आणि हे पोतं मात्र नळीत पाच वेळा पास झालं. सहाव्यांदाही. मग परसात सशांचे दोन पिंजरे आले. कॉलेजातून आणलेले, रसायन टोचून मधुमेह केलेले ससे. डावीकडच्या पिंजऱ्यात औषध भरलेली गोळी, उजवीकडच्यात नुसतं रिकामं पोतं. सर दिवसभर कॉलेजात असायचे, म्हणून सशांचं खाणंपिणं अक्कांकडं. संध्याकाळी कानाच्या शिरेतून थेंबभर रक्त काढून सर साखर मोजायचे. मला मुळात हे सशांचं प्रकरणच पटत नव्हतं, आणि शिवाय सर अचानक गप्प झाले होते. वही कुलपात गेली. एका रविवारी पांढरी अ‍ॅम्बेसिडर दारात थांबली, टाय लावलेला एक माणूस उतरला, तासभर आत बसला आणि गेला. माझ्या डोक्यात घंटा वाजली. दुसऱ्या दिवशी सर कुलूप लावायला विसरले आणि मी, हो, मी वही उघडली. त्याची मला लाज वाटली नाही, लोकांच्या औषधाचा प्रश्न होता. डावीकडच्या सशांची साखर निम्म्यावर उतरलेली! तीन आठवडे, ओळीनं. उजवीकडची जागच्या जागी. आणि खाली नेहमीचा 'नाही' नाही, काहीच नाही. खालची जागा कोरी.

आता सांगा, माझ्या जागी तुम्ही काय केलं असतं? मी स्टेन्सिल कापली. 'गोळी तयार आहे! दडवली कुणी?' एका माणसाच्या कुलपात हजारोंची सुटका, अ‍ॅम्बेसिडरमधून आलेला गिऱ्हाईक, सगळं लिहिलं. सगळं लिहिलं आणि काहीच विचारलं नाही. एसटी स्टँडवर वाटलं, मिरजेच्या दवाखान्यांबाहेर वाटलं. चार दिवसांत आमच्या दारात माणसं यायला लागली. साताऱ्याहून एक निवृत्त सुभेदार आले, पाटणहून माझ्याच ओळखीचे दोघं आले, आणि जतहून एक बाई आली, दहा-अकरा वर्षांची मुलगी बरोबर घेऊन. पोरीच्या हातात पदराच्या फडक्यात गुंडाळलेली लघवीची बाटली. ती बाटली तिनं देवाच्या प्रसादासारखी दोन्ही हातांनी धरली होती.

"आवं साहेब, गोळी द्या," बाई म्हणाली. "पत्रकात लिवलंय. आमच्याकडं सुई द्याया कोन न्हाई. कंपाउंडर आठवड्यातनं एकदा येतोय, तवा येतोय."

"गोळी नाही," सर म्हणाले.

"हाय की! ह्ये बघा, छापलंय!"

"छापलंय ते पुढाऱ्यांनी. त्यांना विचारा."

सुभेदार भडकले. "मास्तर, आमाला काय कुकुलं बाळ समजता व्हय? ससे बरे होत्यात आन् मानसं न्हाई? किती घेतलं कंपनीकडनं?" कुणीतरी मागून ओरडलं, "आवं, बहिणीला तरी देतो का बघा!" आणि मग त्या गर्दीतनं अक्काच पुढं झाल्या. मी त्यांना पत्रक वाचून दाखवलं होतं. "बाळ," त्या म्हणाल्या, "खरंच हाय का रं? मग मला का द्येत न्हाईस? मी म्हातारी, मेली तर मेली. दे की मला." मी सरांच्या शेजारी उभा होतो, म्हणून मला ऐकू आलं. ते स्वतःशी बोलल्यासारखं म्हणाले, "साखर फार छान उतरलीय अक्का. इतकी छान कशी उतरेल?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा कॉलेजला दांडी मारली. परसात पिंजऱ्यासमोर स्टूल टाकून बसले. माणसं दारात होतीच, ती बाई आणि तिची मुलगी तर आमच्याच पडवीत मुक्कामाला होत्या. मीही तिथंच होतो, सर ससे बदलतात की काय यावर नजर ठेवून. दहाच्या सुमाराला अक्का सूप घेऊन आल्या. उजव्या पिंजऱ्यात गाजरं आणि लसूणघासाचा भारा टाकला. मग डाव्या पिंजऱ्यापाशी बसल्या, आणि प्रत्येक सशापुढं मेथीची चार पानं आणि कारल्याची एक फोड मोजून ठेवली. एका सशानं फोड हुंगली आणि अक्कांकडे असं बघितलं, की तेवढा दुःखी ससा मी पुन्हा पाहिला नाही.

"अक्का," सर अगदी हळू म्हणाले, "यांना गाजर?"

"त्यास्नी कसं गाजर?" अक्कांना प्रश्नच कळेना. "आरं, औषिद चालू हाय त्यांचं! पथ्य नको? मला तू बारा वर्सं पथ्य घालतोयस, तांदूळ न्हाई, गूळ न्हाई, आन् मुक्या जिवानं काय पाप केलंय, औषिद घेऊन त्याला गुण नको यायला?"

कळायचं ते सगळ्यांना कळलं. औषध घेतलं की पथ्य आलंच, हे आमच्याकडं आईच्या दुधाबरोबर येतं. अक्कांनी तीन आठवडे निष्ठेनं पथ्य सांभाळलं होतं, आणि सशांची साखर गोळीनं नव्हे, उपासमारीनं उतरली होती. सरांनी उठून डाव्या पिंजऱ्यात गाजराची अख्खी जुडी टाकली. दोन दिवसांत सगळे आकडे पूर्ववत झाले. पोतं नाक्यापलीकडं जात होतं, पण सशाच्या पेठेत ते सुटत नव्हतं. नळीला फसवता आलं, सशाला नाही. त्यांनी वही काढली आणि त्या कोऱ्या जागी लिहिलं, 'नाही'. आता मला वाटतं, त्या तीन आठवड्यांत जगात एकच माणूस होता ज्याला ही गोळी खरी ठरायला हवी होती आणि जो तिच्यावर विश्वास ठेवत नव्हता. अ‍ॅम्बेसिडरवाला खरोखरच औषध कंपनीचे पैसे घेऊन आला होता. सरांनी त्याला चहासुद्धा दिला नव्हता. हे मला अक्कांनी नंतर सांगितलं, चहा न दिल्याची लाज वाटून.

अक्का त्या दिवशी चुलीपुढं बसून रडल्या. "मीच घालवली बघ गोळी," म्हणत होत्या. सर त्यांच्याशेजारी पाटावर बसले, पिचकारी उकळून आणली, आणि गाठी चुकवत, बोटानं चाचपत चाचपत जागा शोधली. "तू घालवली नाहीस," ते म्हणाले, "ती नव्हतीच. तू नसतीस तर मी दोन वर्षं अजून तिच्या मागं लागलो असतो."

मी दुसरं पत्रक काढलं. 'गोळी तयार नाही. आमची चूक झाली.' यात मुद्दे अकरा नव्हते, एकच होता. स्टँडवर कुणी ते हातात घेईना. 'नाही' हा शब्द फुकट वाटला तरी लोकांना नको असतो. जतच्या बाईला मी स्वतः एसटीनं घरी सोडायला गेलो, पिचकारी कशी उकळायची आणि कशी टोचायची ते अक्कांनी तिला शिकवून ठेवलं होतं. उतरताना तिची मुलगी म्हणाली, "दादा, मग आता ती बाटली टाकू का?" मी मान हलवली. तिनं फाट्यावरच्या बोरीखाली बाटली ओतली, फडकं झटकलं आणि नीट घडी करून आईकडं दिलं.

परत आलो तेव्हा सर दारातच होते. मला वाटलं, खोली सोडायला सांगतील. ते म्हणाले, "पुढारी, मला एक माणूस पाहिजे. ज्याला सगळं माहीत असेल आणि जो कुणालाच सांगणार नाही. मलाही नाही, अक्कालाही नाही." आता बाटल्यांवर आणि सशांवर नुसते नंबर राहणार होते, ज्या नंबरची बाटली त्याच नंबरच्या सशाला. कुठल्या नंबरात औषध आणि कुठल्यात रिकामं पोतं, ते फक्त एकाच माणसानं ठरवायचं आणि यादी स्वतःपाशी ठेवायची. म्हणजे कुणी कुणाला पथ्य घालायला नको. "पण सर, मीच का? तुमची वही चोरून वाचली मी." "म्हणूनच," ते म्हणाले. "तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवत नाही. मला खूश करायला तुम्ही यादी बदलणार नाही." माझ्याबद्दल एवढं चांगलं आमच्या मंडळातसुद्धा कुणी बोललेलं नाही. पहिली यादी मी चार महिने सांभाळली. उघडली, आणि वहीत 'नाही' आलं. दुसरीही तशीच. या काळात अक्का माझ्याशी नीट बोलत नव्हत्या, कारण सगळं ठाऊक असून मी सांगत नाही हे त्यांना माणुसकीला सोडून वाटायचं.

आता मी खंडाळ्याला असतो. सभा घेतो, पत्रकं काढतो, पण छापण्याआधी दोनदा विचारतो. गेल्या वेळी सांगलीला गेलो तेव्हा सरांनी नव्या पोत्याच्या बाटल्या पुढं ठेवल्या, खोलीबाहेर गेले आणि दार ओढून घेतलं. मी नंबर घातले, यादी करून आणली. ती माझ्या ट्रंकेत आहे. अधूनमधून सरांचं कार्ड येतं. मजकूर तेवढाच. "ससे ठीक. आपल्या जागी नवा भाडेकरू आहे, फार गोड बोलतो, लक्ष ठेवून आहे. अक्काच्या उजव्या मांडीवर अजून थोडी जागा आहे, तेव्हा घाई नाही. यादी उघडू नये."

परवाच्या कार्डावर खाली कोपऱ्यात पेन्सिलीनं वाकड्या अक्षरात आणखी दोन ओळी होत्या. सरांची नजर चुकवून अक्कांनी घातलेल्या. "पाच नंबरचा ससा लय उड्या मारतोय, अंगानंबी भरलाय. मला वाटतंय त्योच. दिवाळीला येशील तवा तोंडानं सांगू नगंस, नुसतं डोळ्यानं सांग."

पाच नंबरात रिकामं पोतं आहे. दिवाळी तीन आठवड्यांवर आली, आणि मी अजून सांगलीच्या गाडीचं ठरवलेलं नाही.